घरातल्या लाइटच्या वायरमधून इंटरनेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी घरगुती नेटवर्कची कामं करतो. पावरलाइन अडॅप्टरबद्दल लोक साधारण तेच तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो. या प्रकारात अडॅप्टरपेक्षा तुमच्या घराचं वायरिंग जास्त बोलतं. शेजारच्या घरी छान चाललं म्हणून तुमच्याकडे चालेलच असं नाही.

हे नक्की असतं काय?

दोन अडॅप्टरची जोडी. एक राउटरजवळच्या बोर्डात लावायचा आणि लॅनच्या छोट्या वायरने राउटरला जोडायचा. दुसरा लांबच्या खोलीतल्या बोर्डात. मधलं अंतर डेटा भिंतीतल्या फेज-न्यूट्रलच्या वायरमधून कापतो. नवी वायर नाही, भिंत फोडणं नाही.

एकाच वायरमध्ये लाइट आणि डेटा मिसळत कसे नाहीत?

मिसळतात, पण वेगळे काढता येतात. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल आणि झांजा एकदमच वाजतात, तरी कानाला ढोलाचा घुमारा वेगळा आणि झांजेची झणझण वेगळी कळते, तसं. आपली वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० वेळा हेलकावणारी. त्यावर अडॅप्टर फार तर काही व्होल्टचा सिग्नल चढवतो, पण तो सेकंदाला लाखो-कोटी वेळा हेलकावतो. सध्याचे घरगुती अडॅप्टर साधारण २ ते २८ मेगाहर्ट्झमध्ये (एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख हेलकावे) काम करतात, नव्या पिढीतले ८६ मेगाहर्ट्झपर्यंत जातात.

अडॅप्टरच्या आत एक कपॅसिटर आणि एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. कपॅसिटर ५० हर्ट्झला जवळजवळ बंद दारासारखा आणि मेगाहर्ट्झला सताड उघडा. त्यामुळे डेटा आत-बाहेर जातो, २३० व्होल्ट बाहेरच राहतात.

ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. युरोपातल्या वीज कंपन्या गेल्या शतकाच्या पूर्वार्धापासून विजेच्या तारेवरून कमी फ्रिक्वेन्सीचे इशारे पाठवत आल्या आहेत. फ्रान्समध्ये १७५ हर्ट्झच्या इशाऱ्यावर रात्रीचा स्वस्त दर सुरू व्हायचा आणि पाणी तापवायच्या टाक्या आपोआप चालू व्हायच्या. न्यूझीलंडमध्येही गिझर याच पद्धतीने चालू-बंद करतात.

घरात ही गोष्ट आणली ती एक्स-१० या घरातले दिवे दुरून चालू-बंद करायच्या पद्धतीने, १९७५ साली. स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीचं हे काम. युक्ती मोठी नामी होती. विजेची लाट दर हेलकाव्यात दोनदा शून्यावरून जाते. त्या क्षणी वायरवर गडबड सगळ्यात कमी. तेवढ्यात १ मिलिसेकंदाचा १२० किलोहर्ट्झचा ठिपका सोडायचा. ठिपका आला तर १, नाही आला तर ०. वेग इतका कमी की ‘हॉलचा दिवा लाव’ एवढं सांगायला जवळपास एक सेकंद लागायचा. पत्ते होते २५६, आणि शेजाऱ्याने तोच कोड ठेवला असेल तर त्याच्या बटणावर तुमचा दिवा लागायचा!

इंटरनेटच्या वेगाचा पहिला होमप्लग (पावरलाइन अडॅप्टरचं एक मानक) २००१ मध्ये आला, कागदावर १४ एमबीपीएस. २००५ च्या होमप्लग एव्हीने तो आकडा २०० वर नेला. २०१० मध्ये आयट्रिपलई १९०१ हे मानक ठरलं. जी-डॉट-एचएन नावाचं दुसरं घराणंही आहे. दोन घराण्यांतले अडॅप्टर एकमेकांशी बोलत नाहीत, तेव्हा जोडी एकाच जातीची घ्या.

खोक्यावर ६०० लिहिलंय, मला ६० सुद्धा मिळत नाहीत. फसवलं का?

खोटं लिहिलेलं नाही, पण खरं म्हणावं असंही नाही. तो आकडा प्रयोगशाळेतल्या आदर्श वायरवरचा, आणि तोही कच्च्या बिटांचा. त्यातून चुका दुरुस्त करायचे जास्तीचे बिट, पोचपावत्या, वाट पाहण्याचा वेळ असं सगळं वजा होतं. शिवाय या वायरवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. घरात तीन अडॅप्टर असतील तर तिघांत वाटणी.

आणखी एक गंमत बघा. ६०० लिहिलेल्या कित्येक अडॅप्टरांचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं. म्हणजे टाकी कितीही मोठी असली तरी नळ अर्ध्या इंचाचा! घेताना आकडा बघू नका, पोर्ट ‘गिगाबिट’ आहे का ते बघा. साध्या घरात ४० ते १०० एमबीपीएस स्थिर मिळाले तर काम उत्तम झालं असं मी समजतो.

अडॅप्टर स्पाइक गार्डमध्ये लावला तर चालेल का?

नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

चांगल्या स्पाइक गार्डमध्ये फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये एक कपॅसिटर असतो, वायरवरची खरखर गिळायला. समजा तो ०.१ मायक्रोफॅरडचा आहे. ५० हर्ट्झच्या विजेला त्याचा अडथळा सुमारे ३२,००० ओहम, म्हणजे विजेला तो जवळपास दिसतही नाही. तोच कपॅसिटर १० मेगाहर्ट्झच्या डेटाला कागदावर ०.१६ ओहमचा, म्हणजे चक्क शॉर्ट. तुमचा डेटा आणि खरखर यांतला फरक त्याला कळत नाही. तो दोन्ही गिळतो.

अडॅप्टर थेट भिंतीतल्या बोर्डात लावा. बोर्ड एकच असेल तर वर सॉकेट असलेला अडॅप्टर मिळतो. तो भिंतीत लावून एक्स्टेन्शन बोर्ड त्याच्यावर लावायचा. अशा अडॅप्टरांत फिल्टर आतच असतो, आणि तो योग्य बाजूला असतो.

दिवसभर ठीक चालतं, संध्याकाळी स्पीड पडतो. का?

याचं उत्तर एका घरातच मिळालं, ते सांगतो. माझ्या आत्याचं कोकणातलं घर जांभ्या दगडाचं. भिंती इतक्या जाड की ओटीवरच्या राउटरचं वायफाय माजघरातच दम तोडतं, माडीवर तर काहीच नाही. पावरलाइनसाठी याहून योग्य घर नाही. जोडी लावली, माडीवर पन्नासेक एमबीपीएस आले, भाचा खूश. मी पुण्याला परत आलो आणि दोन दिवसांनी आत्याचा फोन: “अरे, तुझं ते यंत्र सातनंतर झोपतं.”

पुढच्या खेपेला संध्याकाळी लॅपटॉप घेऊन माडीवर बसलो. सात वाजले आणि वेग धपकन चारवर आला. मग खाली एकेक गोष्ट बंद करायला सांगत गेलो. टीव्ही बंद, फरक नाही. पंखे बंद, फरक नाही. शेवटी उरलं देवघर. तिथे गणपतीत आणलेली एलईडीची माळ, तिचा पिटुकला अडॅप्टर कोपऱ्यातल्या बोर्डात.

“आत्या, ती माळ जरा बंद कर.”

“दिवेलागणीला कुणी देवापुढची माळ बंद करतं का रे?”

केली एकदाची, आणि वेग परत पन्नासवर. माळेच्या स्वस्त अडॅप्टरमध्ये फिल्टरच नव्हता. त्याचं आतलं स्विचिंग सगळी घाण घराच्या वायरवर सोडत होतं. माळ काढणं शक्यच नव्हतं. म्हणून ती मी फिल्टर असलेल्या स्पाइक गार्डमध्ये लावली. वर ज्याला शत्रू म्हटलं तोच इथे उपयोगी पडला. डेटाचा अडॅप्टर फिल्टरच्या बाहेर, खरखर करणारी वस्तू फिल्टरच्या आत, हे लक्षात ठेवलं की अर्धं काम झालं.

आणखी कोणत्या वस्तू त्रास देतात?

बिनाब्रँडचे मोबाइल चार्जर, स्वस्त एलईडी बल्ब, जुना इलेक्ट्रॉनिक फॅन रेग्युलेटर (मधल्या नंबरांवर जास्त, पूर्ण वेगावर कमी), ब्रश असलेल्या मोटरचा मिक्सर. मिक्सर पाचच मिनिटं चालतो, तेवढं सोडून द्या. शोधायची पद्धत वरचीच: एकेक बंद करत जायचं.

काहीच न लावलेल्या बोर्डांमुळेही फरक पडतो का?

पडतो, आणि हे लोकांना पटत नाही. १० मेगाहर्ट्झला वायरमधल्या लाटेची लांबी साधारण १८ ते २० मीटर असते. तिच्या पाव लांबीची, म्हणजे साडेचार-पाच मीटरची फांदी रिकाम्या सॉकेटशी जाऊन संपत असेल, तर त्या टोकावरून लाट उलटी फिरते आणि मुख्य वायरवर त्या फ्रिक्वेन्सीला खड्डा पाडते. घरात अशा फांद्या पंधरा-वीस, प्रत्येकीचा खड्डा वेगळ्या जागी.

म्हणूनच हे अडॅप्टर एका मोठ्या प्रवाहात डेटा पाठवत नाहीत. होमप्लग एव्हीने पट्टा हजाराहून जास्त बारीक वाहिन्यांत चिरला, आणि प्रत्येक वाहिनीवर किती भार टाकायचा हे जोडीतले दोघे सतत मोजत राहतात. खड्डा असेल ती वाहिनी मोकळी सोडतात. विजेच्या लाटेच्या चढ-उतारानुसारही वायरवरची खरखर बदलते, म्हणून त्यांचं वेळापत्रकच ५० हर्ट्झच्या तालावर बांधलेलं असतं. शून्याच्या क्षणाचा एक्स-१० वाला शहाणपणा इथेही जिवंत आहे.

घरात थ्री फेज आहे. चालेल का?

दोन्ही बोर्ड एकाच फेजवर असतील तर बिनधास्त. वेगवेगळ्या फेजवर असतील तर नशीब. तिन्ही फेजच्या वायर मीटरपासून डीबीपर्यंत (घरातल्या एमसीबींच्या पेटीपर्यंत) एकमेकींना चिकटून येतात, त्यामुळे थोडा सिग्नल एकीवरून दुसरीवर उडी मारतो, पण अशक्त होऊन. वायरमनला सांगून एक सर्किट दुसऱ्या फेजवर घेता येतं. मात्र लोडचा तोल बिघडत नाही ना, हे तो ठरवेल, तुम्ही नाही. एमसीबी आणि आरसीसीबी (शॉक लागण्यापासून वाचवणारा स्विच) यांच्यातून जातानाही सिग्नल थोडा झिजतो.

लाइट गेली की काय होतं? इन्व्हर्टर आहे.

राउटर आणि दोन्ही अडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर असतील तर चालत राहतं, कारण वायर तीच आहे, फक्त वीज बॅटरीतून येते. एक अडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर आणि दुसरा साध्या लाइनवर असेल, तर लाइट असतानाही जोडणी कमजोर राहील, आणि गेल्यावर दुसरा बंदच. काही इन्व्हर्टर स्वतःच मोठे खरखर-बहाद्दर असतात, विशेषतः स्क्वेअर वेव्हवाले. लोडशेडिंगमध्ये एकदा मोजून बघा.

जुना वाडा आहे, अर्थिंग नाही. लावू का?

चालेल, पण वेग मर्यादित राहील. २०१२ नंतरच्या ‘एव्ही-२’ अडॅप्टरांपैकी काही फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तिन्ही वायर वापरून एकाच वेळी दोन प्रवाह पाठवतात. अर्थ नसेल तर ते मुकाट्याने दोन वायरवर येतात. पण मला विचाराल तर, अर्थिंग नसलेल्या घरात इंटरनेटच्या आधी अर्थिंगवर पैसे खर्च करा. कापडी आवरणाची जुनी वायर, सैल जॉइंट, काळे पडलेले बोर्ड असतील तर तेही आधी.

अडॅप्टरचा प्लग आपल्या सॉकेटमध्ये बसत नाही.

बरेच अडॅप्टर युरोपी किंवा ब्रिटिश प्लगचे येतात. युरोपी गोल पिना आपल्या सॉकेटमध्ये जातात, पण सैल बसतात आणि अर्थ जुळत नाही. सैल प्लग म्हणजे तुटक जोडणी आणि वर गरम होणारा सॉकेट. चांगल्या प्रतीचा, घट्ट बसणारा कन्व्हर्टर वापरा, फिल्टर नसलेला.

शेजारी माझा डेटा ऐकू शकेल का?

सोसायटीत सगळे मीटर खाली एकाच पॅनलवर असतात, आणि सिग्नलला ‘इथे तुमचं घर संपलं’ असं कुणी सांगत नाही. थोडाफार तो वरच्या मजल्यावर पोचतोच. म्हणून डेटा १२८ बिटच्या एईएस कुलुपात जातो. अडचण कुलुपाची नाही, किल्लीची आहे. होमप्लग एव्हीचे अडॅप्टर कारखान्यातून एकाच ठरावीक पासवर्डने बाहेर पडायचे, आणि तो पासवर्ड होता ‘होमप्लगएव्ही’! अडॅप्टरवर ‘पेअर’चं बटण असतं. पहिल्याच दिवशी दोन्हीकडे, एकामागोमाग, दोन मिनिटांच्या आत दाबा. नवी किल्ली तयार होते आणि तुमची जोडी तुमचीच राहते.

याने रेडिओला त्रास होतो म्हणतात, खरं का?

खरं. घरातल्या वायरला शिल्डिंग नसतं, त्यामुळे मेगाहर्ट्झचा सिग्नल सोडला की ती थोडीफार अँटेना होते. शॉर्टवेव्ह ऐकणारे आणि हॅम मंडळी (हौशी रेडिओवाले) याच पट्ट्यात असतात. म्हणून होमप्लग अडॅप्टर हॅमच्या बँडांवर, उदाहरणार्थ ७ आणि १४ मेगाहर्ट्झच्या आसपास, मुद्दाम गप्प बसतात. शेजारी कुणी हॅम असेल आणि त्याने तक्रार केली तर हसण्यावारी नेऊ नका. त्याची बाजू बरोबर असण्याची शक्यता जास्त आहे.

मग अख्ख्या गावाला लाइटच्या तारेवरूनच इंटरनेट का दिलं नाही?

प्रयत्न झाले. इंग्लंडमध्ये मँचेस्टर भागात नॉरवेब आणि नॉर्टेल यांनी १९९७ मध्ये मोठा गाजावाजा केला आणि १९९९ मध्ये गाशा गुंडाळला. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मनॅसस शहराने अशी सेवा खरोखर चालवली, तिथल्या हॅम मंडळींशी वादही झाले, आणि २०१० मध्ये शहरानेच ती बंद करायचं ठरवलं. तार उघडी, लांब, आणि रेडिओचा त्रास गावभर. शिवाय डीपीच्या ट्रान्सफॉर्मरमधून हा सिग्नल नीट पलीकडे जात नाही, म्हणजे प्रत्येक डीपीपर्यंत दुसरी लाइन न्यायचीच. तिथपर्यंत फायबर नेलं तर पुढचे शंभर मीटर लाइटच्या तारेवर कशाला?

स्मार्ट मीटर याच तंत्रावर चालतात का?

युरोपात, हो. इटलीत २००१ पासून सुमारे तीन कोटी मीटर असे बसले. फ्रान्सचे साडेतीन कोटींच्या घरातले ‘लिंकी’ मीटरही तारेवरूनच बोलतात. मात्र मेगाहर्ट्झमध्ये नाही. युरोपात ९५ किलोहर्ट्झच्या खालचा पट्टा वीज कंपन्यांसाठी राखून ठेवला आहे. वेग कमी, पण आकडे पाठवायला पुरतो आणि लांब जातो. मीटर ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीशी बोलतो, पेटी पुढे मोबाइल नेटवर्कवरून.

आपल्याकडे बसणारे स्मार्ट मीटर मुख्यतः मोबाइल नेटवर्क किंवा रेडिओवर बोलतात. माझ्या मते ते योग्यच आहे. आपल्या खांबांवरचे जॉइंट आणि वीजचोरीचे आकडे बघितलेल्या माणसाला त्या तारेवर भरवसा ठेवा असं सांगणं अवघड आहे.

घरून शेतातली मोटर वायरवरून चालू करता येईल?

गावठाण आणि शेती यांचे फीडर बहुतेक ठिकाणी वेगळे, डीपी वेगळी. म्हणजे सिग्नलला वाटच नाही. शेतातच घर असेल आणि एकाच डीपीवर असाल तर कमी वेगाचा इशारा जाऊ शकेल. पण थ्री फेज ठरावीक तासच असते, आणि सिमवाला मोबाइल स्टार्टर सगळीकडे मिळतो. तोच घ्या.

इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरमध्येही हेच आहे असं ऐकलं.

बरोबर ऐकलंत. हायवेवरच्या सीसीएस-२ फास्ट चार्जरची गन लावली की गाडी आणि चार्जर आधी बोलून घेतात, बॅटरी किती, करंट किती. त्यासाठी होमप्लगचाच धाकटा भाऊ, ‘ग्रीन फाय’, वापरतात. फक्त इथे सिग्नल विजेच्या जाड वायरवर न जाता गनमधल्या बारीक पायलट वायरवर जातो. शेजारच्या गनचा सिग्नलही हवेतून थोडा ऐकू येतो. म्हणून गाडी आधी कोणाचा आवाज सगळ्यात कमी झिजून आलाय ते मोजते, आणि तोच आपला चार्जर असं ठरवते.

कॉलेज प्रोजेक्टसाठी असं सर्किट स्वतः बनवू का?

२३० व्होल्टवर नको. फंक्शन जनरेटर आणि १२ व्होल्टच्या एसी ट्रान्सफॉर्मरवर सगळं तत्त्व दाखवता येतं. लाइनला जोडायचंच असेल तर एक्स-२ दर्जाचा (थेट लाइनवर लावायला बनवलेला) कपॅसिटर, फ्यूज, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि शेजारी उभे असलेले सर, हे चारही हवेत. साधा सिरॅमिक कपॅसिटर लाइनवर फुटलेला मी पाहिलाय. आवाज सुतळी बॉम्बसारखा येतो.

शेवटी, घेऊ की नको?

लॅनची वायर नेता येत असेल तर तीच न्या. केसिंग-कॅपिंग दिसायला बरी नसेल, पण पंधरा वर्षं विचारायला नको. फक्त ती लाइटच्या वायरबरोबर एकाच पाइपात घालू नका. भिंती विटांच्या आणि पातळ असतील तर मेश वायफाय (एकमेकांशी जोडलेले दोन-तीन वायफायचे डबे) बघा. जांभा, काळा दगड किंवा मध्ये दोन स्लॅब असतील आणि वायर नेणं शक्य नसेल, तर पावरलाइन.

दुकानदाराकडून परत घेण्याची मुदत लिहून घ्या. पहिल्या दिवशी दोन्ही अडॅप्टर एकाच खोलीत लावून वेग मोजा, हा तुमच्या जोडीचा वरचा आकडा. मग खऱ्या जागी सकाळी, रात्री आठ वाजता, आणि मिक्सर-गिझर चालू असताना मोजा. रात्री आठचा आकडा तुमच्या कामाला पुरत असेल तर ठेवा, नाहीतर खोकं न फाडता परत करा.